खापऱ्यांचं वळण

त्या मुलखाच्या राजधानीत काहीच पिकत नसे. मीठ, धान्य, लाकूड, पाणी प्यायचं साधं मडकंसुद्धा बाहेरून यायचं, आणि ते वाटा आणून द्यायच्या. वाटा सात होत्या. साऱ्यांची डोकी राजधानीच्या वेशीपाशी एकत्र टेकलेली, आणि पाय आपापल्या दिशेला, कुणाचे समुद्राकाठी, कुणाचे रानात. त्यामुळे समुद्राकाठी सकाळी काय झालं ते संध्याकाळपर्यंत वेशीवर सगळ्यांना ठाऊक होई. वाटांना गप्पांची खोडच असते. दिवसभर दुसऱ्यांचं ओझं वाहणाऱ्यांना दुसरा विरंगुळा तरी कोणता असणार?

या सातांत सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात वाकडी वाट म्हणजे मुरडी. अंगावर अकरा वळणं. वेशीवर तिची थट्टा व्हायची. समुद्राकडून मीठ आणणारी खारी तर रोज म्हणायची, "आली का गं बाई, सगळ्या पाहुण्यांना भेटून?" मुरडी हसायची आणि उरलेल्या गाड्या आत सोडायची. तिच्या गाड्यांत मडकी असत, आणि मडकी घेऊन धावता येत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं.

जन्मच तिचा मडक्यांपायी झालेला. टेकडीच्या पायथ्याशी, चिकणमातीच्या तळ्याकाठी मडकेवाडी राहायची. त्या मुलखात गावांनाही वाटांसारखाच जीव असे, आणि मडकेवाडी ही वयानं मोठी, अंगानं किरकोळ, हाताला सदा ओली माती लागलेली बाई होती. पहिली मडकी घडवली तेव्हा ती डोक्यावर उतरंड घेऊन एकटी राजधानीला चालत गेली होती. वाट नव्हतीच. गुडघाभर गवत होतं. तिच्या तळव्यांनी ते जिथे जिथे दबलं, तिथे तिथे मुरडी उमटत गेली. नात्यानं ती तिची लेक.

लेक मोठी झाली. राजधानीपासून निघून ती पार नदीपर्यंत जायला लागली, पैलतीराच्या मुलखाशी तिची ओळख झाली. वेशीपासून नदीपर्यंत सरळ रेघ मारली तर मडकेवाडी त्या रेघेपासून पाचशे पावलं बाजूला पडायची. पण मुरडी कधी सरळ गेली नाही. टेकडीच्या पायथ्याकडे वळायची, आईच्या अंगणाला वळसा घालायची आणि मगच पुढे नदीकडे निघायची. हे तिचं सगळ्यात मोठं वळण, अकरावं.

त्या वळणावर दोन गोष्टी कधी चुकल्या नाहीत. पहाटे मडकेवाडी तिथे सडा टाकायची, अंगणात टाकावा तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि आवा उतरला, म्हणजे भाजलेली मडकी भट्टीतून बाहेर काढली, की त्यातली फुटकी निवडून ती त्यांच्या खापऱ्या करायची आणि वळणावर पसरून पायांनी दाबायची. इतर वाटा पावसाळ्यात चिखलात लोळत. मुरडीला त्या वळणावर चिखल ठाऊक नव्हता. तिथलं तिचं अंग तांबडं होतं, आणि गाडीचं चाक त्यावरून गेलं की खापऱ्या बारीक वाजायच्या. तो आवाज तिला फार आवडे. वेशीवर कुणी थट्टा केली की ती मनातल्या मनात तो आवाज ऐकत राहायची.

सगळं असंच चाललं असतं, पण नदीवर पूल झाला.

पूल होताच पैलतीराचा माल वाट पाहू लागला. कापडाचे गठ्ठे, तेलाचे डबे, पत्र्याची चकचकीत भांडी. राजधानीला त्या मालाची नुसती वर्णनं ऐकून भूक लागली. तिनं दवंडी पिटवली. सूर्योदयाला पुलावरून निघालेली गाडी सांजेचा नगारा वाजायच्या आत जी वाट वेशीत आणेल, ती राजमार्ग होईल. तिला दगड मिळेल, डांबर मिळेल, दरसाल डागडुजी मिळेल. जिला जमणार नाही, ती गवताच्या स्वाधीन केली जाईल आणि पुलासाठी नवी वाट पाडली जाईल. पुलापर्यंत पोचणारी वाट एकटी मुरडी होती, तेव्हा ही दवंडी कुणासाठी होती हे वेशीवर कुणाला सांगावं लागलं नाही.

गवत म्हणजे काय ते मुरडीनं पाहिलं होतं. वाटा पूर्वी आठ होत्या. आठवी कोळशाची वाट. एका संध्याकाळी तिचं डोकं वेशीपाशी होतं आणि दुसऱ्या संध्याकाळी तिथे बोटभर गवत होतं. तिच्या काठची गावं पुढे कशी जगली, असं मुरडीनं एकदा विचारलं तेव्हा सगळ्या वाटांनी विषय बदलला. आपण गेलो तर आईची मडकी राजधानीला कशी जाणार, आणि मडकी गेली नाहीत तर आई कशावर जगणार, या एका विचारानं तिच्या पायाखालची जमीन सरकली. वाटेच्या पायाखाली जमीनच असते, तेव्हा हे किती वाईट असेल ते ज्याचं त्यानं समजावं.

मोजणीला साखळी आली. ही लोखंडाची, शंभर कड्यांची, राजधानीची जुनी चाकर. मुलखातली एकूणएक जमीन तिनं अंग पसरून मोजली होती. स्वभावानं वाईट नव्हती. फक्त आयुष्यात ती कधी कशाला वळसा घालून गेली नव्हती, त्यामुळे वळसा का घालावा लागतो हे तिला खरोखरच कळत नसे.

"तुमची लांबी जास्त नाही," ती मुरडीला म्हणाली. "वळणं जास्त आहेत. वळणं द्या, वेळेत याल."

मुरडीनं वळणं द्यायला सुरुवात केली. पहिलं वळण एका विहिरीसाठी होतं, बैल तिथे पाणी प्यायचे. ते दिलं. दुसरं एका म्हाताऱ्या चिंचेसाठी, तिच्या सावलीत गाडीवान भाकरी सोडायचे. तेही दिलं. मेंढवाड्याचं दिलं, देवळीचं दिलं, ओढ्याच्या उताराचं दिलं. चिंच म्हणाली, "अगं, पण मी काय केलं?" मुरडीनं ऐकलं न ऐकलंसं केलं. आपलं वाचवण्यासाठी दुसऱ्याचं द्यायचं झालं की हात सढळ होतो, तसा तिचा झाला. आईसाठीच तर करतेय, असं तिनं स्वतःला बजावलं. ते खरंही होतं.

दहा वळणं गेली. मग पुलावरून एक गाडी सोडून पाहिली. गाडी वेशीपाशी पोचली तेव्हा नगाऱ्याचा शेवटचा ठोका विरत होता आणि दरवाजा लागला होता. फार नाही, थोडक्यासाठीच उशीर.

"अकरावं," साखळी म्हणाली.

"ते नाही देता येणार."

"का?"

"तिथे माझी आई आहे."

साखळीनं मनातल्या मनात कड्या मोजल्या. "आई पाचशे पावलं बाजूला आहे," ती म्हणाली. तिच्या मते हे उत्तर होतं. मग तिनं तीन दिवसांची मुदत दिली आणि स्वतःला गुंडाळून घेऊन ती वेशीच्या आत गेली.

त्या संध्याकाळी खारीनं मुरडीची समजूत काढली. खारी एरवी टोमणे मारायची, पण मनानं मऊ होती. शिवाय ती राजमार्ग होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तेव्हा तिच्या शब्दाला वेशीवर वजन होतं.

"वेडी आहेस का तू?" ती म्हणाली. "वळण द्यायला कोण सांगतंय? मोजणीच्या दिवसापुरती ताठ हो. साखळी अंग पसरते, आकडा घेते आणि जाते. एकदा तुला राजमार्ग म्हटलं की मग कोण बघायला येतंय? हळूच परत वाक आपली."

"असं चालतं?"

"न चालायला काय झालं? मी तसंच केलं होतं."

"आणि तू वाकलीस परत?"

"वाकायचं म्हणत होते," खारी म्हणाली. "मग कामाच्या धबडग्यात राहूनच गेलं बघ. माझ्याही एका वळणावर कुणीतरी होतं. मासे सुकवायची. काय बरं तिचं नाव... छे, अगदी जिभेवर आहे." आणि ती हसली. खारी हसली म्हणून मुरडीही हसली. तिथेच तिनं थांबून विचार करायला हवा होता. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि काडी हातात आली की ती किती जाड आहे हे कुणी पाहत नाही.

दुसऱ्या पहाटे मडकेवाडी सडा टाकायला आली तेव्हा मुरडीनं तिला सगळं सांगितलं. बादली खाली ठेवून म्हातारीनं ते ऐकून घेतलं.

"म्हंजी मोजणीपुरतंच न्हवं?" तिनं विचारलं.

"एक दिवस गं आई. फक्त एक दिवस."

"मग हो की सरळ. येक दिस म्या सडा न्हाई टाकला तर काय आभाळ कोसळतंय व्हय?"

"तुला राग नाही ना येणार?"

"राग कशाचा लेकी? तू हायेस म्हून माझी मडकी हाईत. तू गवतात गेलीस तर म्या काय ह्या चाकावर माशा घडवू?" बोलता बोलता तिनं ओल्या हातानं मुरडीच्या अंगावरची एक सुटलेली खापरी परत जागी दाबली. "पर बिगीनं ये. परवा आवा उतरतोय. फुटक्या खापऱ्या राखून ठिवते. परत वळलीस की तुझ्या अंगावर घालते."

"ठेव," मुरडी म्हणाली.

मग म्हातारीनं बादली उचलली आणि त्या दिवशी जरा जास्तच पाणी टाकलं. वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरली. दुसऱ्या दिवसाचा आजच टाकून ठेवते, म्हणाली.

मोजणीच्या दिवशी सूर्य वर आला तशी मुरडी ताठ झाली. आयुष्यात पहिल्यांदा. आईच्या अंगणातून तिनं स्वतःला ओढून घेतलं तेव्हा खापऱ्या करकरल्या, काही उखडल्या, बऱ्याचशा जागच्या जागीच राहिल्या. तळ्याच्या कडेनं, शेतांमधून ती सरळ लांब झाली. साखळी तिच्या अंगाला अंग लावून निजली. लोखंड गार होतं. पुढे सरकत, पुन्हा निजत, साखळी पुलापर्यंत गेली. तिच्या मागोमाग खुंट्या ठोकल्या जात होत्या. मुरडीला वाटलं, मोजणीत खुंट्या असतातच. खुंट्यांमागून भराव पडू लागला, तळ्याकाठच्या खोलगट जमिनीवर दोन पुरुष उंच. तेव्हाही तिला वाटलं, असेल काहीतरी पद्धत. भरावावर खडी आली आणि खडीवर उकळतं डांबर आलं, तेव्हा मात्र तिनं विचारलं,

"मोजून झालं ना? मग मी आता वळते."

साखळी स्वतःला गुंडाळत होती. ती थांबली. "वळता?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "अहो, मी जे मोजते ते तसंच राहतं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मुरडीनं सगळं बळ एकवटून वाकायचा प्रयत्न केला. डांबर तोवर निवलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी पुलावरची गाडी नगाऱ्याच्या बऱ्याच आधी वेशीत आली. मुरडीच्या डोक्यावर झेंडूच्या माळा चढवल्या, तोरण बांधलं, राजमार्ग म्हणून तिचं नाव पुकारलं. राजधानी स्वतः सज्जात येऊन उभी राहिली होती. खारी म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं मी?" मुरडी रडत होती. सगळ्यांना ते आनंदाचं रडू वाटलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? माळा घातलेल्याला कुणी दुःख विचारत नाही.

आता गाड्या अशा धावू लागल्या की मुरडीला त्यांची चाकं मोजता येईनात. कापड, तेल, पत्र्याची भांडी, पुन्हा कापड. थांबायला कुणाला वेळ नव्हता आणि थांबायला जागाही ठेवली नव्हती. वाटेवर चढायचं तर एक वेशीपाशी, नाहीतर पुलापाशी.

मडकेवाडी पहिले दोन दिवस तिकडे फिरकली नाही. मोजणी लांबली असेल, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी ती डोक्यावर उतरंड घेऊन शेतं तुडवत भरावाशी आली. वर पाहिलं. मग चढू लागली. खडी पायाखालून घसरत होती. अर्ध्यात तिचा तोल गेला आणि वरची तीन मडकी फुटली. उरलेली घेऊन ती वर पोचली, एका हातानं उतरंड धरून दुसरा हात तिनं गाड्यांना केला. एकही गाडी थांबली नाही. तेव्हा पूर्वीसारखं पायीच जावं म्हणून ती कडेनं राजधानीकडे चालू लागली. पन्नास पावलं गेली असेल नसेल, तोच राखणदारानं तिला अडवलं. राजमार्गावर पायी चालायला मनाई होती.

"आरं, माझ्याच पायानं झालीया ही," म्हातारी म्हणाली.

राखणदार नवा होता. त्यानं तिला उतरायला हात दिला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मुरडी हे सगळं अंगावर सोसत होती. आईचे तळवे तिनं ओळखले, पहिल्या पावलालाच ओळखले. "आई, मी इथं आहे, मला वळता येत नाहीये गं," असं ती ओरडून सांगत होती. पण चाकांच्या घरघराटात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. म्हातारी खाली उतरली, फुटलेल्या तीन मडक्यांच्या खापऱ्या ओच्यात गोळा करून घेऊन गेली.

मुरडीनं राजधानीकडे गाऱ्हाणं नेलं. पूर्वी तिला सज्जाखाली उभंसुद्धा केलं नसतं, पण आता ती राजमार्ग होती.

"बाईसाहेब, माझं एक वळण परत द्या. एकच."

"वळण कशाला हवंय?" राजधानी म्हणाली. ती प्रेमानंच बोलत होती. "किती छान वेळेवर येतेस हल्ली. बरं, तू आलीच आहेस तर सांग. पूर्वी पाण्याला कसला तरी वास यायचा. उन्हाळ्यात एक घोट घेतला की जीव निवायचा. या पत्र्याच्या भांड्यांत तो येत नाही. कसला होता गं तो?"

"मडकेवाडीच्या मडक्यांचा होता, बाईसाहेब."

"असेल. मग मागव की."

"येणार कशी? वळणच काढलंत ना."

"अगंबाई," राजधानी म्हणाली, आणि तिला क्षणभर मनापासून वाईट वाटलं. तेवढ्यात तेलाच्या गाड्या आल्याची वर्दी आली आणि ती आत गेली. पुढे मुरडी तीनदा सज्जाखाली गेली. तिन्ही वेळा तिला सांगितलं गेलं की बाईसाहेबांच्या लक्षात आहे.

कापून टाकलेलं वळण शेतांमध्ये पडून होतं. दोन्ही टोकं कुठेच जात नव्हती. नियमानं ते गवताच्या स्वाधीन झालं होतं, पण खापऱ्यांमधून गवताला वर यायला वेळ लागतो. आणि एक गोष्ट मुरडीनं वेशीवर कुणालाच सांगितली नाही. रोज पहाटे, जिथे तिचं अंगच उरलं नव्हतं तिथे तिला गारवा लागायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायचा आणि थांबायचा. आई अजून सडा टाकत होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात मुरडीला तडा गेला. बरोबर तळ्याकाठच्या भरावावर. बारीकसा, डांबराच्या मधोमध निघून टेकडीच्या बाजूला झुकलेला. साखळीनं माणसं पाठवली, त्यांनी तो बुजवला. महिन्याभरात तो पुन्हा उघडला, तसाच, त्याच बाजूला. पुन्हा बुजवला, पुन्हा उघडला. खालची माती कच्ची आहे, असं साखळीचं मत पडलं. मातीला काहीही झालेलं नव्हतं. मुरडी रोज पहाटे वाकायला बघत होती.

"मलाही सुरुवातीला जायचे तडे," खारी एकदा म्हणाली. "घाबरू नकोस. थांबतात."

"कधी थांबतात?"

खारीनं आठवून पाहिलं. "एक दिवस थांबले," ती म्हणाली. "का ते काही कळलं नाही."

या वेळी ती हसली नाही. 

तिसरा उन्हाळा आला. मडकेवाडीच्या घरी मडकी दाराबाहेरपर्यंत साचली होती. विकायला नेणार कुठे, आणि पहिल्यासारखं गवतातून चालत जायला बळ कुठलं? तरी ती घडवत होती, कारण हाताला दुसरं काही येत नव्हतं. अंगात त्राण उरलं नव्हतं. तळ्यापासून भट्टीपर्यंत माती आणताना ती तीन ठिकाणी बसायची. लेकीला तडा गेलाय हे तिला भरावाखालून ये-जा करणाऱ्या मेंढक्यांकडून कळलं.

"कुठं?" तिनं विचारलं.

"ह्या हितंच, तळ्यापाशी. सारखा जातोय म्हनं. बुजत न्हाई."

म्हातारीनं दाराआडची पाटी काढली. मोजणीच्या वेळी राखून ठेवलेल्या खापऱ्या त्यात तशाच होत्या, वर त्या तीन मडक्यांच्या. दुपारच्या उन्हात पाटी कमरेवर घेऊन ती भराव चढली. बसत, सरकत, खडीत हात रुतवत चढली. राखणदारानं तिला पाहिलं. तिच्या डोक्यावर विकायला काही नाही, ती कुठे चालत निघालेली नाही, असं पाहून त्यानं तोंड दुसरीकडे केलं.

ती तड्याशी बसली. एक एक खापरी घेऊन ती फटीत बसवू लागली, वरून तळव्यानं दाबू लागली. गाड्या तिला चुकवून जात होत्या. मुरडीच्या अंगावर तीन वर्षांनी आईचा हात फिरत होता. 

"वाकू नगंस आता," म्हातारी म्हणाली. "लई वाकलीस. दुखतंय तुला."

पाटी संपली. तडा अर्धा उरला होता. म्हातारी खाली गेली, अंगणात उभी राहून तिनं आपल्या मडक्यांकडे पाहिलं. फुटकं एकही नव्हतं. मग तिनं थापटणं उचललं, ज्यानं इतकी वर्षं मडक्यांना आकार दिला होता, आणि पहिलं मडकं फोडलं. मग दुसरं. चांगली, टणटणीत, नीट भाजलेली मडकी. मग रांजण फोडले, माठ फोडले. प्रत्येक पाटी घेऊन ती भराव चढत होती आणि रिकामी पाटी घेऊन उतरत होती. ऊन कलेपर्यंत घरात एकही मडकं उरलं नाही आणि तड्यात एकही फट उरली नाही. शेवटची खापरी दाबून झाल्यावर तिनं हात लेकीवर जरा वेळ तसाच ठेवला आणि मग ती उतरून गेली.

दुसऱ्या पहाटे मुरडी गारव्याची वाट पाहत राहिली. ऊन चढलं तरी पाहत राहिली.

त्या वर्षी तिला पुन्हा तडा गेला नाही. साखळी तपासायला आली आणि खूश झाली. काळ्या डांबरावर एक तांबडी रेघ होती, मध्यातून निघून टेकडीकडे झुकत भरावाच्या काठापर्यंत गेलेली. साखळीनं ती मोजायला अंग पसरलं. रेघ वाकडी होती. दोनदा खटपट करून तिनं अंग आवरून घेतलं.

गाड्या येतच होत्या. प्रत्येक चाक त्या रेघेवरून जाताना खापऱ्या बारीक वाजायच्या, आणि चिमूटभर तांबडी भुकटी चाकाला लागून राजधानीच्या दिशेनं जायची. वेशीत गाडी थांबली की ती तिथे झडायची. हळूहळू वेशीतली जमीन तांबूस दिसू लागली. एका संध्याकाळी धूळ बसावी म्हणून चाकरांनी वेशीत पाणी शिंपडलं, आणि भाजलेल्या मातीवर पाणी पडलं की येतो तसा वास वर चढत सज्जापर्यंत गेला.

राजधानी लगबगीनं बाहेर आली. तिनं डोळे मिटून लांब श्वास घेतला. पुष्कळ दिवसांनी तिचा जीव निवला होता.

"हाच," ती म्हणाली. "हाच गं तो वास. कुठून आणलास? आता रोज आणत जा."

मुरडी खाली मान घालून पडून होती. पुलाकडून गाड्यांची नवी रांग निघाली होती, आणि भरावावरची रेघ सकाळपेक्षा थोडी फिकी झाली होती.